फक्त पायाला भूल: नर्व्ह ब्लॉक म्हणजे नेमकं काय

पावसाळा लागला की गोव्यात आमच्याकडे घोटे मोडलेल्यांची रीघ लागते. अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं, देवासाठी जास्वंदीची फुलं काढायला गेलेला माणूस सर्रकन घसरतो आणि "मुरगळलाय नुसता" म्हणत दोन दिवस तेल चोळत बसतो. गेल्या जूनमध्ये मयेहून आलेल्या काकी त्यांतल्याच. वय ६८. घोट्याची आतली-बाहेरची दोन्ही हाडं मोडलेली. मधुमेह जुना, हृदयात स्टेंट, रक्त पातळ करणारी गोळी चालू, चार पायऱ्या चढल्या की धाप. मुलगा फाइल घेऊन माझ्यासमोर बसला आणि त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "डॉक्टर, आईला पूर्ण भूल सोसेल?"

मी भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे हा प्रश्न रोजचाच. त्याला सांगितलं, "पूर्ण भूल द्यायची गरजच नाही. कमरेतलं इंजेक्शनही नको. गुडघ्याखालच्या पायापुरती भूल देऊ." तो क्षणभर गप्प बसला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे ती जागी असणार? हाड जोडताना?"

त्याच्या चेहऱ्यावरची ती भीती मी इतक्या जणांच्या चेहऱ्यावर पाहिली आहे की हे एकदा सविस्तर लिहून काढायचं ठरवलं.

आपल्याकडे भुलीचे दोनच प्रकार लोकांना माहीत असतात. "पूर्ण भूल", म्हणजे माणूस झोपतो. आणि "अर्धी भूल", म्हणजे कमरेतलं इंजेक्शन, ज्याने कमरेखालचे दोन्ही पाय बधिर होतात. तिसरा प्रकार आहे नर्व्ह ब्लॉक. आम्ही नुसतं "ब्लॉक" म्हणतो. ज्या भागाचं ऑपरेशन करायचं, त्या भागाकडे जाणारी नस वाटेतच गाठायची आणि तिच्याभोवती बधिर करणारं औषध सोडायचं. इथे एक खुलासा करते, कारण मराठीत आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंच्या जुडग्यालाही. मी या लेखात नस म्हणेन ती दुसरी. ब्लॉकची सुई रक्तवाहिनीत जाता कामा नये, तिथेच तर खरा धोका आहे. त्याबद्दल पुढे.

"पाय" हाही शब्द असाच फसवा. खुब्यापासून अंगठ्यापर्यंत सगळा आपला पायच. पण भूल देणाऱ्याला ऑपरेशन खुब्याचं, गुडघ्याचं, घोट्याचं की बोटाचं हे आधी कळावं लागतं, कारण प्रत्येकाच्या नसा वेगळ्या आहेत. सोपं करून सांगायचं तर पायाला दोन हमरस्ते आहेत. एक पुढून जातो, फेमोरल नस. ती जांघेतून मांडीच्या पुढच्या भागाला आणि गुडघ्याला जाते, आणि तिची एक बारीक फांदी नडगीच्या आतल्या बाजूने घोट्यापर्यंत उतरते. तिचं नाव सॅफेनस. दुसरा रस्ता मागून जातो, सायटिक नस. "सायटिका झालाय" असं आपण म्हणतो ना, तीच ही. शरीरातली सगळ्यांत जाड नस. ती मांडीच्या मागून खाली येते आणि गुडघ्याच्या लवणीच्या, म्हणजे गुडघ्यामागच्या खोलगट भागाच्या, जरा वर तिचे दोन भाग होतात. सॅफेनसचा आतला पट्टा सोडला तर गुडघ्याखालचा बहुतेक सगळा पाय या मागच्या रस्त्यावर अवलंबून असतो. म्हणून घोट्यासाठी दोन इंजेक्शनं पुरतात: एक लवणीत, सायटिकसाठी, आणि एक मांडीच्या किंवा गुडघ्याच्या आतल्या बाजूला, सॅफेनससाठी. नुसत्या पावलाचं काम असेल तर घोट्याभोवतीच्या पाच नसा बधिर करूनही भागतं. त्या पाचांतल्या चार सायटिकच्याच लेकी.

खुबा मात्र वेगळा. तिथे पुढच्या-मागच्या इतक्या नसा येऊन मिळतात की खुब्याचं मोठं ऑपरेशन नुसत्या ब्लॉकवर सहसा होत नाही. पण खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाला ऑपरेशनआधीच जांघेतला ब्लॉक दिला तर एक्सरेसाठी कुशीवर वळवताना, बेडपॅन देताना त्याचे हाल कितीतरी कमी होतात. ही सोय जितक्या लोकांना मिळायला हवी तितक्यांना अजून मिळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता औषध काय करतं ते बघू. गोव्यातल्या माणसाला हे सांगणं सोपं जातं, कारण आपल्याकडे खाजन शेती आहे, खाडीकाठी बांध घालून राखलेली. खाजनाच्या बांधात मानस असतं, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायची लाकडी दारांची वाट. भरतीचं खारं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने दारं मिटतात आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. नसेतल्या प्रत्येक तंतूच्या पापुद्र्यावर अशीच दारं आहेत, डोळ्यांना न दिसणारी. बाहेर खारं पाणी, म्हणजे मिठातला सोडियम. घोट्याला काही लागलं की तिथली दारं उघडतात, सोडियम आत घुसतो, त्या धक्क्याने पुढची दारं उघडतात, मग त्यापुढची, आणि असा धक्क्यामागे धक्का मेंदूपर्यंत पोचतो. तो पोचला की आपण "आई गं" म्हणतो. बधिर करणारं औषध तंतूच्या आत शिरून दाराला आतून बोळा घालतं. मग दार उघडत नाही आणि सोडियम आत येत नाही. घोट्यावर काहीही चाललेलं असो, निरोप लवणीच्या पुढे सरकत नाही. पुढे रक्त हळूहळू औषध वाहून नेतं, बोळा निघतो, दारं पुन्हा पहिल्यासारखी चालायला लागतात. यात नस कापत नाहीत, जाळत नाहीत.

पायाला जखम चिघळलेल्या मधुमेही रुग्णाबाबत यातूनच एक गोष्ट उलगडते. पू झालेल्या जागी इंजेक्शन देऊनही "डॉक्टर, बधिर झालंच नाही" अशी तक्रार येते, आणि ती खरी असते. पू असलेली जागा आंबट, म्हणजे आम्लधर्मी झालेली असते. अशा ठिकाणी औषधाला तंतूच्या पापुद्र्यातून आत शिरायला जड जातं. शिवाय पुवातून सुई नेणं धोक्याचंच. मग आम्ही वर सरकतो, जिथे जागा स्वच्छ आहे तिथे, लवणीत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियॅब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीत गोव्यातलं मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के निघालं, देशात सर्वांत जास्त. पायाच्या जखमा साफ करणं, काळं पडलेलं बोट काढणं ही कामं आमच्याकडे किती येत असतील याचा यावरून अंदाज यावा. या रुग्णांचं हृदय, मूत्रपिंड आधीच थकलेलं असतं, आणि त्यातल्या काहींना पंधरा दिवसांत दोन-तीनदा ऑपरेशन टेबलावर यावं लागतं. दर वेळी पूर्ण भूल देण्यापेक्षा नुसता पाय बधिर करणं त्यांना फार मानवतं. रक्तदाब फारसा ढळत नाही, आणि भुलीचा अंमल डोक्यावर नसल्याने जेवण आणि इन्सुलिनची घडी लवकर बसते.

काकींच्या बाबतीत कमरेतलं इंजेक्शन का नको म्हटलं? त्यांची रक्त पातळ करणारी गोळी, क्लोपिडोग्रेल, पाच ते सात दिवस बंद केल्याशिवाय पाठीच्या कण्याजवळ सुई घालणं बरं नाही. तिथे रक्त साकळलं तर कण्याच्या आतल्या मज्जारज्जूवर दाब येतो. स्टेंट असलेल्या माणसाची ती गोळी मनाला येईल तेव्हा बंद करणं हाही धोकाच. गुडघ्यामागची लवणीची जागा कातडीपासून फार खोल नाही, रक्त आलंच तर वरून दाबता येतं. पण म्हणून कमरेतलं इंजेक्शन वाईट असं कोणी समजू नये. पायाच्या ऑपरेशनांसाठी ते आजही भरवशाचं आहे, पटकन लागू पडतं आणि स्वस्त आहे. त्याचा इतिहासही पायापासूनच सुरू होतो: १८९८ साली जर्मनीतल्या कील शहरात ऑगस्ट बीअर या सर्जनने कण्यातली भूल पहिल्यांदा वापरली, ती क्षयाने खराब झालेल्या घोट्याच्या ऑपरेशनसाठी. आपल्या पणजीचं वैद्यकीय विद्यालय १८४२ चं, आजच्या बांबोळीच्या गोमेकॉचं, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं, ते मूळ. म्हणजे इथे वैद्यकीचे वर्ग सुरू झाले तेव्हा १८४६ चं बॉस्टनमधलं, इथर हुंगवून भूल देण्याचं प्रात्यक्षिकही अजून व्हायचं होतं. त्या काळी पाय कापायची वेळ आलेल्या माणसाचं काय होत असेल, हे मला ऑपरेशन थिएटरमध्ये कधीकधी आठवतं.

तर काकी. त्यांना पालथं न करता कुशीवर घेतलं, मोडका पाय उशीवर. लवणीवर गार जेल लावून सोनोग्राफीचा प्रोब टेकवला. पडद्यावर सगळं करडं-काळं. त्यात एक काळं वर्तुळ धडधडत होतं, ती धमनी. तिच्या जरा वर मधाच्या पोळ्याच्या तुकड्यासारखी जाळीदार गोल चकती, ती नस. प्रोब वर सरकवला तशा शेजारशेजारच्या दोन चकत्या जवळ आल्या आणि एक झाल्या. तीच जागा. कातडी थोडी बधिर करून सुई आत घेतली. सुई पडद्यावर पांढऱ्या रेघेसारखी येताना दिसते. टोक नसेत घुसवायचं नसतं, तिच्या कडेला थांबवायचं. मग औषध थोडं थोडं सोडायचं आणि दर वेळी आधी सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना ते बघायचं. औषध काळं दिसतं. हळूहळू त्याचं कडं नसेभोवती पूर्ण होतं. ते कडं पूर्ण झालेलं पाहिलं की माझा खांदा सैल पडतो, इतक्या वर्षांनीही.

मग वाट बघायची. १५ ते ३० मिनिटं. ही वाट बघायची तयारी सगळ्यांची नसते, सर्जन दारातून दोनदा डोकावतात. स्पिरिटचा बोळा आधी चांगल्या पायाला लावायचा, मग या पायाला. "काकी, कसं वाटतं?" "तिकडे गार. इथे नुसतं ओलं." गार-गरम कळणं आधी जातं, मग टोचणं, मग बोटं हलेनाशी होतात. पाऊल कोमट होतं. दाबल्याचं, ओढल्याचं मात्र कधीकधी कळत राहतं. हे रुग्णाला आधी सांगावं लागतं: हात लावलेला समजेल, दुखणार नाही, आणि दुखलं तर बोलायचं, मुकाट सोसायचं नाही. सर्जनने पाय उचलून टेबलावर नीट ठेवला तरी काकींना तो अजून हवेतच आहे असं वाटत होतं, कारण पायाची शेवटची खबर मेंदूला तेवढीच मिळाली होती. घरात चोख मराठी बोलणाऱ्या काकींच्या तोंडून तेव्हा कोंकणी आलं, "म्हजो पांय खंय गेलो?" माझा पाय कुठे गेला? ज्याला जागं राहायचं नसतं त्याला झोपेचं हलकं औषध देतो. काकींना नको होतं. पडद्याआड माझ्याशी त्या गणपतीच्या माटोळीला, म्हणजे मूर्तीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीला, काय काय बांधायचं ते बोलत होत्या.

एक अडचण पट्ट्याची असते. रक्त थांबवायला सर्जन मांडीला हवेचा पट्टा आवळतात, आणि लवणीतल्या ब्लॉकने मांडी बधिर होत नाही. अर्धा-पाऊण तास गेला की माणूस घोट्याने नाही, त्या पट्ट्याने हैराण होतो. काकींच्या वेळी पट्टा पोटरीला बांधला. हे आधी बोलून ठरवावं लागतं.

आता धोके. लपवण्यात अर्थ नाही. सगळ्यांत गंभीर तो औषध चुकून रक्तात जाण्याचा किंवा मात्रा जास्त होण्याचा. जी दारं नसेत आहेत तसलीच मेंदूत आणि हृदयातही आहेत. तोंडात धातूसारखी चव, ओठांभोवती मुंग्या, कानात घंटा, मग झटके, आणि वाईटात वाईट म्हणजे हृदय थांबणं. म्हणून मात्रा वजनावर बेतायची, औषध टप्प्याटप्प्याने द्यायचं, रुग्णाशी बोलत राहायचं. आम्ही गप्पा मारतो त्या नुसत्या धीर द्यायला नव्हे. तोंडात चव बदलली असं त्याने म्हटलं की सुई तिथेच थांबते. यावर उतारा आहे, २० टक्क्यांचं पांढरं स्निग्ध द्रावण शिरेतून देतात, ते औषध बऱ्याच अंशी आपल्याकडे ओढून घेतं. जिथे ब्लॉक देतात तिथे ही बाटली हाताशी असायलाच हवी. नातेवाइकांनी तसं विचारलं तर कोणी भूलतज्ज्ञाने राग मानू नये.

नसेला इजा होण्याची भीती सगळ्यांना असते. काही दिवस किंवा आठवडे मुंग्या, बधिरपणा राहू शकतो आणि बहुतेकांचा तो आपोआप जातो. कायमची इजा दुर्मीळ आहे. मधुमेहाने आधीच कमजोर झालेल्या नसा जास्त नाजूक असतात आणि त्यांचा ब्लॉक लांबतोही, म्हणून ऑपरेशनआधी कुठे बधिर आहे ते तपासून फाइलवर लिहावं. आणि नडगीला मोठा मार असेल, पोटरी दगडासारखी टणक झाली असेल, तर ब्लॉक देताना सर्जनशी बोलणं अगदी गरजेचं. आत सूज दाटून रक्तपुरवठा तुटायला लागला की पहिली हाक वेदनाच देते. तीच आपण बंद केली तर पाय गमवायची वेळ येऊ शकते.

कधी ब्लॉक अपुराही लागतो. मग जोड द्यावी लागते, नाहीतर पूर्ण भूल. म्हणून उपाशीपोटाचा नियम इथेही तोच: घन आणि दुधाचं सहा तास बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. "काही खाल्लं नाही, नुसती पेज प्यायलो" हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. पेज पातळ असली तरी पोटाच्या हिशेबी तो भातच.

शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात मी चुकले आहे. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका छोट्या रुग्णालयात एका तरुण मोटरसायकल पायलटच्या, म्हणजे भाड्याने मोटरसायकलवरून माणसं नेणाऱ्याच्या, घोट्याला मी ब्लॉक दिला. सुरेख लागला. संध्याकाळी तो हसत होता, "कायच दुखत नाय" म्हणत दुखण्याची गोळी त्याने परत केली, नर्सनेही आग्रह धरला नाही, आणि मी तिला तसं सांगितलंच नव्हतं. रात्री दोन वाजता ब्लॉक उतरला. शून्यावरून एकदम कळस. तो कण्हत, रडत होता, आणि गोळीचा गुण यायला तासभर लागला. तो तासभर मी त्याच्या खाटेशी उभी होते. तेव्हापासून ही गोष्ट मी स्वतः, रुग्णाला आणि सोबत राहणाऱ्या माणसाला, दोघांना सांगते.

बधिर करायला ब्यूपिव्हॅकेन किंवा रोपिव्हॅकेन हे औषध वापरलं असेल तर ब्लॉक साधारण ८ ते १८ तास टिकतो, कधी पूर्ण दिवस. सकाळचं ऑपरेशन म्हणजे तो बहुधा रात्रीच उतरणार. दुखत नसलं तरी दिलेल्या वेळेला गोळी घ्यायची. बोटांत मुंग्या आल्या, बोट जरा हललं की पुढची गोळी लांबवायची नाही. पाय बधिर आहे तोवर त्यावर भार देऊन उभं राहायचं नाही, संडासलाही एकट्याने जायचं नाही. मांडीचा ब्लॉक असेल तर गुडघा ऐनवेळी दुमडतो आणि एका फ्रॅक्चरची दोन होतात. गरम पाण्याची पिशवी लावायची नाही, चटका बसलेला कळणार नाही. आणि पाय बाहेरच्या अंगावर कलून गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचं हाड खाटेच्या दांड्यावर दाबलं जात नाही ना हे सोबतच्या माणसाने बघायचं. तिथून जाणारी नस कातडीलगत असते, ती तासन्‌तास दाबली गेली तर पाऊल लुळं पडू शकतं. जागा रुग्णही हे ओळखू शकत नाही, कारण त्याला ते दुखतच नाही.

काकींच्या मुलाने हे सगळं मोबाइलवर टिपून घेतलं. रात्री दहाची गोळी त्यांनी कुरकुरत घेतली, "दुखत नाही तर कशाला?" म्हणत. पहाटे चारला अंगठ्यात मुंग्या आल्या, तेव्हा त्याने नर्सला उठवलं. सकाळी मी गेले तर काकी उठून बसल्या होत्या, दुखतंय पण सोसवतंय म्हणाल्या, आणि बोटं हलवून दाखवली. करंगळीकडची बाजू अजून बधिरच होती. मी पेनाने कडेला खूण केली आणि मुलाला सांगितलं, उद्या संध्याकाळपर्यंत ही खूण मागे सरकली नाही तर मला फोन कर. दुसऱ्या दिवशी दुपारीच त्याचा फोन आला. खूण पुसली गेली होती, पण बोट लावलेलं कळत होतं.